नाव विचारायचं राहिलेल्या दोघांचे आभार

जुन्या लॅपटॉपवर विंडोजसारखीच एक प्रणाली, लिनक्स घातलं, पण ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू दिसला की पुढं पडदा काळाच. तीन रात्री घालवल्या. शेवटी पिशवीत घालून बेळगावला खडेबाजारात नेला. तिथला पोरगा म्हणाला, "मेलं नाही ओ काका, ग्राफिक्स अडतंय." मेनूवर ‘ई’ दाबून ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी त्यानं ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर वापरू नको, अशी सूचना) लिहिलं, एफ-१० दाबलं, डेस्कटॉप हजर! पैसे घेतले नाहीत, वर चहा त्याचाच.

खानापूरच्या बसमध्ये शेजारच्या कन्नड मुलीनं सांगितलं, हे एकदाच टिकतं. तोच शब्द ग्रबच्या फाईलीत लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. मराठी मोडकं, पण तिकिटामागं लिहून दिलेली आज्ञा अक्षरन् अक्षर बरोबर. तिकीट लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवलंय.