हॉक्सबरीला एकदा जाऊन ये

चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस ना, बाबा तुम्ही इथं असताना सारखे त्या हॉक्सबरी जंक्शनलाच का जायचात, तिथं एवढं काय आहे. सांगायला घेतलं की तुझी मीटिंग लागते, म्हणून लिहूनच काढतोय, सावकाश वाच.

अरे इंग्लंडात तुमच्या कॉव्हेंट्रीजवळ कॉव्हेंट्री कॅनॉल आणि ऑक्सफर्ड कॅनॉल, म्हणजे बोटींचे दोन कालवे, तिथं एकमेकांना मिळतात. १७६८ आणि १७६९, लागोपाठच्या वर्षांत दोन्ही कालवे खोदायचे कायदे पास झाले, दोघांचा इंजिनियर एकच, जेम्स ब्रिंडली. कॉव्हेंट्रीवाल्यांनी त्याला १७६९ मध्येच काढून टाकलं, आणि आज त्यांच्याच बेसिनवर, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या बोटींच्या धक्क्यावर, त्याचा पुतळा आहे, तुझ्या ऑफिसपासून काय लांब नाही तो. पण खरी गंमत टोलची. कोळशावरचा टोल कुणाच्या खिशात जाणार यावरून दोन कंपन्यांचं असं वाजलं की बांधावरून भांडणाऱ्या भावांसारखे दोन्ही कॅनॉल जवळजवळ मैलभर शेजारी शेजारी खोदले, आणि १७७७ मध्ये पुढं लाँगफर्डला जोडले. हॉक्सबरीचं आत्ताचं जंक्शन व्हायला १८०३ उजाडलं!

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. नोकरी सगळी नीरा उजव्या कालव्यावर गेली माझी, आपला पाट उतारावर वाहता असतो, पाणी शेतापर्यंत पोचलं की त्याचं काम झालं. तिथलं पाणी मात्र एका लेव्हलला उभं, बोटींसाठी, त्यामुळं थेंब न् थेंब जपायचा. म्हणून जंक्शनच्या तोंडाशीच एक स्टॉप लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला, बोट वर-खाली करायचा हौद, ठेवलंय, दोन्हीकडच्या पाण्यात फरक असेल वीतभर, पण तेवढ्यासाठी अख्खं लॉक, का तर एका कंपनीचं पाणी दुसऱ्या कंपनीकडं फुकट जायला नको. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ नुसता तिथंच उभा होतो. सटन नावाचं कुटुंब पूर्वी हे लॉक सांभाळायचं म्हणून जुने बोटवाले अजून त्या जागेला सटन स्टॉप म्हणतात.

पाणी कमी पडायला लागलं तेव्हा १८२१ ला तिथं वाफेचं पंप इंजिन आणून बसवलं, तेही नवं नाही हं, ग्रिफच्या कोळसा खाणीत आधीच म्हातारं झालेलं. तरी १९१३ पर्यंत चाललं! आता ते इंजिन डार्टमथला ठेवलंय, असं इंजिन पहिल्यांदा बनवणाऱ्या न्यूकमेनच्या गावी, हॉक्सबरीला फक्त त्याचं विटांचं घर उरलंय, ते नक्की बघ.

आणि लोखंडी पुलावर उभा राहा, डर्बीच्या ब्रिटानिया फाउंड्रीचा आहे, १८३७ चा. उत्तरेकडून येणाऱ्या बोटीला ऑक्सफर्ड कॅनॉलमध्ये शिरायला पुलाखालून पूर्ण उलटं वळावं लागतं. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद नॅरोबोट, सुकाणूवरचा माणूस आधी वेग कमी करतो, सुकाणू पूर्ण दाबतो, मग मधेच इंजिनला थोडा जोर देतो आणि बोटीचं नाक भिंतीच्या अगदी जवळून फिरतं. समोर ग्रेहाउंड पबच्या बाहेर बसलेले सगळे टक लावून बघत असतात, जमलं की माना डोलावतात.

पूर्वी बोटवाल्यांची कुटुंबंच्या कुटुंबं तिथं कोळसा भरायच्या ऑर्डरची वाट बघत थांबायची. नवरा-बायको, पोरं, सगळा संसार मागच्या दहाएक फुटांच्या केबिनमध्ये, चूल पण तिथंच. लंडनच्या साउथॉलमधल्या जॅम फॅक्टरीला १९७० पर्यंत याच वाटेनं कोळसा गेला, म्हणजे मी शाळेत होतो तोवर! याच लोकांसाठी मला ती जागा एवढी आवडते.

सईला घेऊन जा रे. बेसिनपासून साडेपाच मैल आहे, चालत जमेल, पण काठाच्या वाटेला चिखल असतो, तिचे पावसाळी बूट घाल. बोट वळतानाचा व्हिडिओ मला पाठव, फोटो नको, व्हिडिओच. आणि आई विचारतेय डिंकाचे लाडू संपले का, शेजारचे जोशी पुढच्या महिन्यात तिकडं येतायत.

तुझा,
बाबा