जुन्या मोटारी सालवारीनं लावा

महोदय,

हिवाळ्यात आपल्याकडे जुन्या मोटारींची प्रदर्शनं भरतात. माझी १९७२ सालची फियाट घेऊन मी हौसेनं जातो आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, ब्यूक, पॅकार्ड मांडवात सावलीला, पुढे माहितीचा फलक. फियाट, ॲम्बेसेडर, हेराल्ड मागे पार्किंगलगत उन्हात. मागच्या प्रदर्शनात एका स्वयंसेवकानं विचारलं, "काका, ही टॅक्सी इथं कशाला आणलीत?" पोराचा राग नाही. त्याला तसं वाटावं अशीच मांडणी मोठ्यांनी केली होती.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांना मान मिळायलाच हवा. पण कुर्ल्यात बनलेली फियाट हा आपल्या घरचा इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिथल्या पद्मिनीनं, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या अवतारानं, टॅक्सी होऊन मुंबईची सेवा केली ती पार ऑक्टोबर २०२३ पर्यंत. याचा फलक मी आजवर एकाही प्रदर्शनात पाहिला नाही.

रस्त्यावर मात्र या बड्या गाड्यांचे मालक किती जिव्हाळ्यानं वागतात! ऐन मे महिन्यात खंबाटकी घाटात माझी गाडी बंद पडली. उन्हानं इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरली होती. मागून आलेल्या जुन्या मर्सिडीजचे मालक थांबले, स्वतःच्या पिण्याच्या पाण्यानं फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं आणि इंजिन सुरू होईपर्यंत उन्हात उभे राहिले. पुढे कार्ब्युरेटरचं किट मिळेना, तेव्हा पुण्यात नाना पेठेतला दुकानदारही त्यांनीच गाठून दिला. अशा माणसाची गाडी मांडवात दिसली की मला आनंदच होतो.

आम्ही फियाटवालेही धुतल्या तांदळाचे नाही. कुणी म्हाताऱ्या आईसाठी गाडीत एसी बसवला, तर 'ओरिजिनल राहिली नाही' म्हणून नाकं मुरडणारे आमच्यातही आहेत.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार मूळ रूपात जपलेली, ५० वर्षांवरची मोटार 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीचं २०,००० रुपये शुल्क रोल्सलाही तेच आणि फियाटलाही तेच. आयोजकांनीही वयच पाहावं. गाड्या सालवारीनं लावाव्यात, प्रत्येकीपुढे फलक असावा आणि ट्रेलरवर न चढवता चालवत आणलेल्या गाडीसाठी एक बक्षीस ठेवावं. फलक लिहायला आम्ही काही फियाटवाले आदल्या दिवशी यायला तयार आहोत.

– एक फियाटमालक, सातारा