जुन्या खिडकीवर दुसरी खिडकी

माननीय संपादक,

परदेशातील थंडीविषयीच्या लेखांत जुन्या लाकडी खिडक्या काढून टाकण्याचाच सल्ला असतो, म्हणून हे पत्र. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील आमच्या जुन्या घरासाठी मी पाइनच्या चौकटी करून, त्यांत काचा बसवून, मूळ खिडक्यांवर बाहेरून ‘स्टॉर्म विंडो’ लावल्या. दोन काचांमध्ये कोंडलेली हवाच थंडी अडवते. जुनी चौकट क्वचितच काटकोनात असते, त्यामुळे प्रत्येकीचे दोन्ही कर्ण मोजावे लागले आणि लाकूड फुगेल म्हणून चहूबाजूंनी सुमारे ३ मिलिमीटर फट सोडावी लागली. पहिल्या खिडकीची खालची कडही मी हौसेने सिलिकॉनने बुजवली, तर बाहेरच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटली! आतली खिडकी घट्ट बसलेली हवी. बाहेरच्या खिडकीला मात्र ओल निघून जाण्यासाठी खाली दोन बारीक भोके ठेवावीत.

आपला,
एक वाचक, मिनेसोटा