स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर बंद करू नका

संपादक महोदय,

सांधेदुखीसाठी आईला कित्येक महिने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू होते. बरे वाटताच तिने गोळ्या परस्पर थांबवल्या. काही दिवसांतच उलट्या, प्रचंड गळाठा, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब पार खाली. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले, की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणे जवळपास सोडून देतात. त्या पुन्हा कामाला लागायला आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणूनच डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. शिवाय हेच औषध यकृताला साखर सोडायला लावते, इन्शुलिनचा प्रभाव कमी करते आणि स्वादुपिंडावर ताण आणते. गोळ्या चालू असताना आईची साखरही वाढली होती. ‘अचानक बंद करू नये’ हे गोळ्यांच्या पाकिटावर ठळक मराठीत छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक