जेम्स लेग यांना, एका मराठी वाचकाकडून

आदरणीय लेग साहेब,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात १८९७ साली, ऑक्सफर्डमध्ये. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, तरी चारचौघांत लिहिते आहे. मराठीत कन्फ्यूशियसची वचने हौसेने सांगितली जातात, पण ज्यांनी कष्टाने केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली त्या माणसाचे नाव क्वचितच कुणी घेते.

चिनी शिकायला लागल्यावर मी तुमच्या ‘चायनीज क्लासिक्स’चा, म्हणजे प्राचीन चिनी ग्रंथांच्या सटीप अनुवादाचा, पहिला खंड उघडला. पानाच्या वरच्या भागात ठळक चिनी मजकूर, मध्ये तुमचे इंग्रजी आणि खाली बारीक अक्षरांत टिपा. काही पानांवर तर टिपांनीच बहुतेक जागा व्यापलेली. कन्फ्यूशियसच्या वचनांचे पहिलेच वाक्य घ्या: शिकलेले पुन्हा पुन्हा गिरवण्यातला आनंद आणि लांबून आलेल्या मित्रांचा आनंद. त्याखाली तुम्ही एकेक अक्षर उलगडता, बाराव्या शतकातला भाष्यकार चू शी काय म्हणतो ते सांगता आणि त्याच्याशी न जुळणारे मतही नोंदवता. तुमचा अर्थ पटला नाही तर तो खोडून काढायचे साहित्य त्याच पानावर मिळते. मला तो अनेकदा पटला नाही. तुमचे इंग्रजीही मधूनमधून जड जाते. पण दुसरा अर्थ शोधायची हिंमत मला तुमच्याच टिपांनी दिली, आणि माझे पहिले आभार त्यासाठी आहेत.

हंटली या स्कॉटलंडमधल्या गावचे तुम्ही, लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक. १८४० मध्ये मलाक्काला पोहोचलात, रॉबर्ट मॉरिसन यांनी स्थापन केलेले अँग्लो-चायनीज कॉलेज सांभाळलेत आणि १८४३ मध्ये ते घेऊन हाँगकाँगला आलात. दिवसभर प्रवचने, शाळा, माणसांची ये-जा; म्हणून पहाटे तीनच्या सुमारास उठून ग्रंथांना बसायचे. पहिला खंड १८६१ मध्ये निघाला. मधल्या काळात तुम्ही हाँगकाँग सरकारला एका मध्यवर्ती शाळेची योजना आखून दिलीत. ती १८६२ मध्ये सुरू झाली आणि पुढे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन तिथे शिकले. मिशनरी माणसाने सरकारी शाळेसाठी एवढी खटपट करावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

पैशाचेही बोलायला हवे, नाहीतर हे आभार अर्धवट राहतील. छपाईचा भार जोसेफ जार्डिन यांनी उचलला. जार्डिन-मॅथेसन कंपनीची श्रीमंती अफूवर उभी होती, आणि त्यातली कितीतरी अफू माळव्यात पिकून आमच्या मुंबई बंदरातून चीनला जात होती. जमशेटजी जीजीभॉय त्याच व्यापारातले. तुम्ही स्वतः अफूच्या व्यापाराविरुद्ध बोलत राहिलात, तरी तुमच्या पानांना तो पैसा लागलेला आहे. त्यात माझ्या शहरांचाही वाटा आहे, हे विसरून मला तुमचा ग्रंथ वाचता येत नाही.

तुमचे चिनी सहकारी वांग ताओ यांच्याबद्दल तुमचे वेगळे आभार. चीनच्या बादशाहीविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांशी संधान बांधल्याचा आरोप आला, म्हणून हा विद्वान १८६२ मध्ये शांघाय सोडून हाँगकाँगला आला. पुढच्या खंडांसाठी त्यांनी तुम्हाला भाष्यांचे ढीगच्या ढीग तयार करून दिले. तुम्ही त्यांना स्कॉटलंडला बोलावून घेतलेत आणि काम तिथेही चालू ठेवलेत. मुख्य म्हणजे प्रस्तावनेत त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केलेत. साहेबांच्या कामात आमच्या किती शास्त्री-पंडितांची नावे गळून पडली ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे विशेष जाणवते. १८७४ मध्ये वांग ताओंनी हाँगकाँगमध्ये स्वतःचे वर्तमानपत्र काढले.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. १८६१ च्या खंडात तुम्ही लिहिले होते की एवढा अभ्यास करूनही कन्फ्यूशियसला थोर मानणे मला जमत नाही. त्यानंतर तुम्ही वाचत राहिलात. १८७३ मध्ये कन्फ्यूशियसच्या गावी, चूफूला, त्याच्या समाधीपाशी गेलात. बीजिंगमध्ये चिनी सम्राट जिथे स्वर्गाची पूजा करत त्या स्वर्गवेदीवर पायातले बूट काढून उभे राहिलात. प्राचीन चिनी ज्याला पुजत आले तो आपला ख्रिस्ती लोकांचाच देव, अशी तुमची खात्री झाली होती. १८७७ मध्ये त्या अंगाने लिहिलेला तुमचा निबंध शांघायच्या मिशनरी परिषदेत वाचला गेला, पण तो परिषदेच्या अहवालातून वगळण्यात आला. तुमच्याच लोकांनी तो वगळला. तरी १८९३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, सुधारित आवृत्तीत तुम्ही तो जुना निकाल बदललात: जितका अभ्यास केला तितका आदर वाढत गेला, हा फार थोर माणूस होता. पहिली आवृत्ती तीस वर्षे लोकांच्या कपाटात होती, कुणी तुम्हाला जाब विचारत नव्हते. तरी तुम्ही ते छापून सांगितलेत. चूक-बरोबर काहीही असो, एवढे सरळ वागलेल्या माणसाच्या टिपांवर माझा विश्वास बसतो.

एक नाते मला परवाच उमगले. मॅक्स म्युलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेत १८८२ साली ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाचा तुमचा अनुवाद आला, आणि त्याच वर्षी त्याच मालेत आमच्या मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेला भगवद्गीतेचा अनुवाद आला. आमच्या गावच्या ग्रंथालयात ते दोन्ही खंड शेजारी लावून घ्यायचे मी ठरवले आहे.

कन्फ्यूशियसचा खंड वाचून झाला. आता त्याच्या परंपरेतला पुढचा तत्त्वज्ञ मेन्शियस काढला आहे, टिपांसकट.

कळावे, लोभ असावा.
तुमची ऋणी,
पुण्याची एक वाचक