गोदाघाटावरच्या मावशी, मनापासून आभार

मावशी, सप्रेम नमस्कार.

बुधवारच्या बाजारात तुमच्यापुढे एवढी गर्दी असते की चार शब्द धड बोलता येत नाहीत. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल, म्हणून लिहिते आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पोट रोज कुरकुरतं अशा इतरांनीही हे वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचं चालणं कमी झालं आणि पोट साफ होईना. डॉक्टरांनी पाणी, हालचाल आणि चोथा असलेलं जेवण सांगितलं. १०० ग्रॅम मेथीच्या पाल्यात साधारण ५ ग्रॅम तंतू असतात, तेव्हा पालेभाजी वाढवणं सोपं वाटलं. पण बाबा रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी घेतात. हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीचा परिणाम कमी करतं. एका दिवशी जुडीभर भाजी आणि पुढचे चार दिवस काहीच नाही, हे त्यांना चालणार नव्हतं. "पाला थोडा खा, पण रोज तेवढाच," असं डॉक्टरांनी बजावलं. जुडी तर दोन-तीन दिवसांत पिवळी पडते! तुमच्याजवळ हे बोलले, तर तुम्ही चटकन म्हणालात, "मंग घरीच लावा की, ताई."

जुड्या विकून तुमचं घर चालतं. तरी गिऱ्हाइकाला तुम्ही भाजी लावायला शिकवलीत. या मोठेपणाचं मोल मला करता येत नाही.

उथळ क्रेटला खाली भोकं पाडायची, माती आणि शेणखत निम्मं-निम्मं भरायचं, डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून दाट पेरायची. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात, तीन आठवड्यांत पाला कात्रीजोगा होतो. उपटायची नाही, वरून कापायची, म्हणजे पुन्हा फुटते. दोन क्रेट आठवड्याच्या अंतराने पेरायला सांगितलंत, म्हणून पाला खंडत नाही. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायला तुम्हीच दाखवलंत. एका धन्यात दोन बिया असतात, हे मी तोवर ऐकलंही नव्हतं. शेपूचं बी जिथे वाढवायचं तिथेच टाकायचं, कारण रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. पुदिन्याच्या जाड काड्या तुम्ही जुडीतून वेचून दिल्यात, पैसे घेतले नाहीत. पाण्यात ठेवल्यावर आठवड्याभरात त्यांना मुळं फुटली. पुदिना वेगळ्या कुंडीत लावा, नाहीतर सगळी जागा बळकावेल, हा तुमचा इशाराही खरा ठरला.

पानओव्याची फांदीही तुमचीच. आपण फोडणीत टाकतो तो ओवा या झाडाचा नव्हे, पण वास तसाच. पाणी बेतानं घातलं की झाड जोमात येतं. जेवण जड झालं की बाबा त्याचं एक पान मिठाबरोबर चावतात. त्यांना बरं वाटतं, मलाही पुरे.

सगळ्यात जास्त आभार मात्र तुमच्या एका वाक्यासाठी. "आधी डॉक्टरला इचारा, मंग पाला." गुण येईलच असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. पोटाच्या नावाखाली काय वाट्टेल ते विकणारे रोज दिसतात. तुम्ही पाल्याला पालाच म्हणालात, औषध म्हणाला नाहीत. डॉक्टरांनी रोजचं प्रमाण ठरवून दिलं, रक्ताची तपासणीही वेळच्या वेळी चालू आहे.

आता बाबा सकाळी स्वतः गॅलरीत जातात आणि वाटीभर मेथी कापून आणतात. त्या निमित्ताने चार पावलं चालणं होतं. कधी मूगडाळीत शेपू, कधी कांदा आणि दाण्याचं कूट घालून मेथीचा घोळाणा. पाला घरचा असला तरी माती असतेच, म्हणून कच्चा खाताना तीन पाण्यांतून काढतो. पोटाची कुरकुर पुष्कळ कमी झाली आहे. पाणी आणि व्यायामाचाही त्यात वाटा आहे, पण रोजचा पाला तुमच्यामुळे आला.

गॅलरीत ऊन सकाळचंच येतं, त्यामुळे चुका, कांदा, वांगी अजून तुमच्याकडूनच घेतो आणि घेत राहू. पावसाळ्यात अंबाडी लावायची आहे. बी तुमच्याकडचंच हवं, आणि त्याचे पैसे मात्र तुम्ही घ्यायचेच.

तुमची,
मेथीवाली ताई