आमचं छत गळत नव्हतं : काकांना पत्र

काका,
साष्टांग नमस्कार.

कॅनडातल्या आमच्या एडमंटनची थंडी सरत आली, पण जिन्यावरच्या स्कायलाइटखाली, म्हणजे छपरातल्या काचेच्या खिडकीखाली, यंदा एकदाही पातेलं ठेवावं लागलं नाही. फोनवर आभार मानले होते, तरी मनात बरंच राहिलं. इथल्या इतर मराठी घरांनाही उपयोग होईल, म्हणून उघडच लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. पहाटे टपटप ऐकून तिनं पावसाळ्यातल्या सवयीनं पातेलं मांडलं. त्याआधी एका छपरवाल्यानं दोनदा खिडकीभोवती डांबर फासून पैसे नेले होते. तुम्ही आलात तेव्हा बाहेर उणे २८ होतं. तुमचा पहिलाच प्रश्न, "छपरावर बर्फाचा कण नाही, मग पाणी येतंय कुठून?" मग देवघरातली उदबत्ती मागून घेतलीत, शिडीवर चढलात आणि ती चौकटीच्या कोपऱ्याशी धरलीत. धूर सरळ फटीत ओढला गेला. आई खालून बघतच राहिली.

घरातली गरम हवा वर चढते, फटीतून माळ्याकडे निघते आणि कुकरची, अंघोळीची, बाळासाठी रात्रभर लावलेल्या ह्युमिडिफायरची (हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राची) वाफ सोबत नेते. खोली २१ अंशांवर नि आर्द्रता ४० टक्के असेल, तर साधारण ७ अंशांच्या काचेवरही दव धरतं. तेच दव ठिबकत होतं. आमचा आर्द्रतेचा काटा ४५ वर होता! तो तुम्ही २५ वर आणायला लावलात आणि टपटप बरीच कमी झाली.

दोन काचांच्या मधेच धुकं धरलेलं, म्हणजे काचांमधलं हवाबंद सील गेलेलं. त्यामुळे खिडकी बदलणं भागच होतं. पण भर थंडीत छप्पर उघडू दिलं नाहीत. जूनमध्ये कामावर स्वतः उभे राहिलात. तिहेरी काच, चौकटीवर चढवलेलं पाणी अडवणारं चिकट मेम्ब्रेन, शिंगलच्या (छपरावरच्या चपट्या तुकड्यांच्या) प्रत्येक ओळीगणिक पत्र्याचा वाकवलेला एकेक तुकडा. कारागिरानं एक ओळ सोडली, ती तुम्ही उकलून परत करायला लावलीत. कडेला बर्फ गोठून अडला की वितळलेलं पाणी छपरावर उलटं चढतं, हे त्याला शांतपणे समजावलंत. आणि माळ्यातून खाली येणारा उजेडाचा बोगदा! त्याच्या भिंतींना इन्सुलेशनच, म्हणजे थंडी अडवणारं अस्तरच, नव्हतं. ते भरून आतल्या बाजूनं प्लास्टिक लावलंत, सांधे टेपनं बंद केलेत. आमचं निम्मं दुखणं तिथेच होतं.

जानेवारीत उणे ३२ ला काचेच्या खालच्या कडेला जराशी ओल दिसली, फडक्यानं पुसली, झालं.

आई मे महिन्यात पुन्हा येतेय. तुमच्यासाठी कंदी पेढे आणणार आहे. ते न्यायला काकूंना घेऊन नक्की या.

तुमची,
जिन्यावरच्या खिडकीवाली